जावा, येझदी, जुनी बुलेट: नवी बॅटरी घेण्याआधी चार्जिंग बघा

जुन्या गाडीची बॅटरी घ्यायला गेलं की दुकानदार दोनच गोष्टी विचारतो: सहा व्होल्ट की बारा, आणि डब्यात केवढी बसते. आजच्या गाडीसाठी एवढं पुरतं, कारण त्यात रेग्युलेटर-रेक्टिफायर (व्होल्टेज आवरणारा आणि वीज एका दिशेची करणारा भाग) चोख असतो आणि तो बॅटरीला सांभाळून घेतो. १९६० ते १९९० च्या दरम्यानच्या गाड्यांत तसं नाही. तिथे बॅटरी हा चार्जिंग यंत्रणेचाच एक भाग असतो. डायनॅमो काय देतो आणि रेग्युलेटर ते किती व्होल्टला थांबवतो, यावरून बॅटरीचा प्रकार ठरवावा लागतो. हे न बघता घेतलेली महागडी बॅटरीसुद्धा एका पावसाळ्यात मरते आणि बोल मात्र बॅटरी कंपनीला लागतो.

बॅटरी खरंच गेली आहे का?

साधा डिजिटल मल्टिमीटर हाताशी हवा. गाडी किमान चार तास बंद ठेवून टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. पाण्याची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर सहा व्होल्टच्या बॅटरीला ६.३ ते ६.४ आणि बारा व्होल्टच्या बॅटरीला १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात. ६.१ किंवा १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ५.९ किंवा ११.९ च्या खाली गेली असेल तर ती रिकामी आहे, पण रिकामी म्हणजे खराब असंच काही नाही. आधी चार्ज करा आणि चार्जर काढून रात्रभर ठेवा. सकाळी व्होल्टेज टिकलेलं असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून पुन्हा मोजा. हेडलाइट चालू असताना सहा व्होल्टची बॅटरी ५.७ च्या खाली घसरत गेली तर ती बदलायचीच.

बूच उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर मल्टिमीटरपेक्षा खरं बोलतो. भरलेल्या सेलमध्ये ॲसिडची घनता १.२६ ते १.२८ येते, अर्ध्याला १.२० च्या आसपास. सहा व्होल्टच्या बॅटरीतल्या तीन सेलपैकी दोन १.२६ आणि एक १.१५ असेल, तर तो एक सेल मेला आहे. कितीही चार्ज केलं तरी अशी बॅटरी गाडीत टिकणार नाही.

आता गाडीकडे. चार्ज केलेली बॅटरी लावून इंजिन सुरू करा, दिवे बंद ठेवा. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ला इंजिनाचा जो आवाज असतो, तेवढे फेरे उभ्या गाडीवर ठेवून टर्मिनलवर मोजा. सहा व्होल्टच्या गाडीला ६.९ ते ७.३ आणि बारा व्होल्टच्या गाडीला १३.८ ते १४.५ यायला हवेत. आकडा इंजिन बंद असतानाइतकाच राहिला तर गाडी चार्जच करत नाही. कार्बन ब्रश झिजलेले असतील, कम्युटेटर काळा पडला असेल, कटआउटचे (डायनॅमो मंद असताना त्याला बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळले असतील किंवा रेक्टिफायर गेला असेल. आधी ते काम करून घ्या. आकडा ७.५ किंवा १५ च्या वर चढत गेला तर बॅटरी उकळते आहे. नवी लावाल तर तीही उकळेल.

बुलेटवाल्यांचं एक बरं असतं, हेडलाइटच्या टोपात अँपमीटर बसवलेला असतो. किक मारल्यावर काटा प्लसकडे जातो आणि काही किलोमीटरांत हळूहळू मध्याकडे येतो, हे निरोगी लक्षण. तास-दीड तास चालवूनही काटा प्लसलाच टेकून राहिला तर एक तर बॅटरी चार्ज धरत नाही, नाही तर रेग्युलेशन बिघडलं आहे. आयडलिंगला हेडलाइट लावल्यावर काटा मायनसला गेला म्हणून घाबरायचं कारण नाही. त्या काळच्या गाडीत ते चालायचंच.

किल्ली बंद असताना वीज झिरपते का तेही याच वेळी बघा. अर्थची (बॅटरीतून चासीला जाणारी) वायर सोडा आणि मीटर अँपिअरवर ठेवून त्या जागी जोडा. या गाड्यांत घड्याळ नाही, अलार्म नाही, संगणक तर नाहीच, त्यामुळे आकडा शून्यच हवा. काही मिलिअँपिअर जरी दिसले तरी कुठेतरी वायरचं कव्हर उडालं आहे, स्विचमध्ये ओल आहे किंवा रेक्टिफायर उलट दिशेने गळतो आहे.

व्होल्ट आणि अर्थ

टाकीवरचं नाव बघून व्होल्ट ठरवू नका. इतक्या वर्षांत कितीतरी सहा व्होल्टच्या गाड्या बारा व्होल्टच्या झाल्या आहेत, आणि काही अर्धवट झाल्या आहेत: कॉइल बाराची, हॉर्न सहाचा. बल्ब, इग्निशन कॉइल आणि हॉर्न यांच्यावरचे आकडे वाचा. सगळीकडे एकच आकडा असेल तरच पुढे जा.

सहाच्या गाडीला बाराची बॅटरी लावली की दिवे झक्क लागतात, म्हणून काही जण तेवढंच करून मोकळे होतात. सहा व्होल्टचा डायनॅमो बाराची बॅटरी भरू शकत नाही, बल्ब आठवड्याभरात उडतात आणि कॉइल तापून जाते. बारावर जायचंच असेल तर जनरेटर, रेग्युलेटर, कॉइल, हॉर्न आणि सगळे बल्ब एकदम बदलावे लागतात. जावा-येझदीसाठी चेक कंपनी व्हेप असा पूर्ण संच बनवते. मूळ रूप जपायचं असेल तर सहाच ठेवा. जोड स्वच्छ असतील तर सहा व्होल्टची गाडी उत्तम चालते. सहा व्होल्टच्या दिव्यांची जी बदनामी आहे, तिच्यातला मोठा वाटा गंजलेल्या अर्थचा आहे.

दुसरी गोष्ट अर्थची. आज आपण निगेटिव्ह चासीला हे गृहीतच धरतो. ल्युकास कंपनीच्या वायरिंगच्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह चासीला असतो, आणि त्या घराण्यातल्या फार जुन्या बुलेटमध्येही तसं सापडू शकतं. जुनी बॅटरी काढण्याआधी कोणती वायर चासीला जाते त्याचा फोटो काढून ठेवा. वायरच्या रंगावर विश्वास नको, कारण मधल्या कुणा मिस्त्रीने हाताला लागेल ती वायर वापरलेली असते. डायोडचा रेक्टिफायर असलेल्या गाडीत बॅटरी उलटी लागली तर डायोडमधून थेट शॉर्ट होतो आणि फ्यूज नसेल तर वायरिंग पेटतं.

किती एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण)?

गाडी किकची असेल तर बॅटरीला स्टार्टर फिरवायचा नसतो, त्यामुळे क्रँकिंग अँपिअरच्या आकड्याकडे दुर्लक्ष करा. इथे बॅटरीची कामं दोन: स्पार्कला वीज पुरवणं आणि डायनॅमो कमी पडेल तेव्हा दिवे सांभाळणं.

सहा व्होल्ट, ४५ वॅटचा डायनॅमो धरू. जास्तीत जास्त ७.५ अँपिअर, तेही चांगल्या फेऱ्यांवर. खर्चाच्या बाजूला २५ वॅटचा हेडलाइट म्हणजे ४.२ अँपिअर, ५ वॅटचा टेललाइट ०.८, इग्निशन कॉइल सरासरी दीड ते दोन. बेरीज सातच्या आसपास. म्हणजे रात्री डायनॅमोची सगळी कमाई जागेवरच खर्च होते. त्यात १८ वॅटचा ब्रेकलाइट लागला की आणखी तीन अँपिअर बॅटरीतूनच जातात. आता कुणी हौसेने ३५ वॅटचा बल्ब लावला तर प्रत्येक रात्री बॅटरी थोडी थोडी रिकामी होत जाणार. तिथे मोठी बॅटरी घेऊन काही साधत नाही, बल्ब कमी वॅटचा करा. सहा व्होल्टचे एलईडी बल्ब मिळतात. टेल आणि ब्रेकला ते लावले तरी मोठा फरक पडतो. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत मात्र दोन्ही बाजूंनी चालणारा एलईडी आहे ना, हे विचारून घ्या.

मॅन्युअलमधला किंवा मूळ बॅटरीवरचा एएच आकडा हा पाया. त्याहून वीस-पंचवीस टक्के जास्त चालतो. ‘मोठी बॅटरी लावली की डायनॅमो जळतो’ हे गॅरेजमधलं ठरलेलं वाक्य आहे. रेग्युलेटर ठीक असताना तसं होत नाही. फक्त गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर मोठी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही आणि अर्धी भरलेली लेड-ॲसिड बॅटरी सल्फेट धरून मरते.

कमी एएच घेणं जास्त धोक्याचं. फ्लायव्हील मॅग्नेटोच्या (इंजिनाच्या फिरत्या चाकातच चुंबक बसवलेल्या जनरेटरच्या) काही छोट्या गाड्यांत रेग्युलेटरच नसतो. कॉइलमधून येणारी वीज एका डायोडमधून थेट बॅटरीत जाते, आणि व्होल्टेज वर जाऊ न देण्याचं काम बॅटरीच करते. बनवणाऱ्याने कॉइल आणि बॅटरी यांचं माप एकमेकांना जुळवलेलं असतं. तिथे निम्म्या एएचची बॅटरी लावली की ती उकळते. बॅटरी काढून गाडी चालवली की बल्ब उडतात.

आरएक्स १०० सारख्या सीडीआयच्या (बॅटरीऐवजी स्वतःच्या कॉइलवर ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) गाड्या बॅटरीवाचूनही सुरू होतात. त्यांच्यात बॅटरी हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइटपुरती, म्हणून लहान पुरते. पॉइंट-कॉइलच्या जावा, येझदी, बुलेट किंवा राजदूत ३५० ला तशी सवलत नाही. तिथे बॅटरी नाही तर ठिणगी नाही. त्यात आणखी एक खोच आहे: किल्ली चालू राहिली आणि इंजिन पॉइंट मिटलेल्या जागी थांबलेलं असलं तर कॉइल एकटी चार-एक अँपिअर ओढत बसते. चार एएचची बॅटरी तासाभरात रिकामी होते आणि कॉइल भाजते ती वेगळीच.

कोणत्या प्रकारची?

पाण्याची, बूच उघडणारी बॅटरी जुन्या मेकॅनिकल रेग्युलेटरला सगळ्यात जास्त सहन करते. व्होल्टेज थोडं वर गेलं तर पाणी उडतं, आपण डिस्टिल्ड वॉटर घालतो, विषय संपला. गाडी मूळ डायनॅमो आणि मूळ कटआउटवर असेल तर हीच घ्या. तिचे दोष ठाऊक असावेत: दर महिन्याला पाणी बघावं लागतं, वाफेने आसपासचं लोखंड आणि क्रोम खातं, आणि उन्हाळ्यात नुसती ठेवली तरी लवकर उतरते.

एजीएम म्हणजे सीलबंद, काचेच्या कापसात ॲसिड शोषलेली बॅटरी. सांडत नाही, ठेवली तर कमी उतरते, आडवी-तिरकी बसते. पण उकळून गेलेलं पाणी तिच्यात परत घालता येत नाही. १४.८ व्होल्टच्या वर, किंवा सहाच्या बॅटरीत ७.४ च्या वर, ती सतत राहिली की झाकणाच्या झडपेतून वायू निघून जातो, आतून सुकते आणि फुगते. तुमच्या गाडीचं माप ७.० ते ७.२ मध्ये स्थिर असेल तर बिनधास्त एजीएम लावा. स्थिर नसेल तर आधी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा.

मूळ मापाच्या सहा व्होल्टच्या मोटरसायकल बॅटऱ्या आता प्रत्येक दुकानात नसतात. म्हणून बरेच जण इमर्जन्सी लाइटची किंवा यूपीएसची बॅटरी बसवतात. उपाय चांगला आहे, पण त्या बॅटरीच्या अंगावरचं बारीक छापील वाचा. सहा व्होल्ट ४.५ एएच, साधारण ७० × ४७ × १०१ मिलिमीटर मापाच्या बॅटरीवर चार्जिंगचा सुरुवातीचा प्रवाह १.३५ अँपिअरच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं. आपला डायनॅमो त्याच्या कितीतरी पट देऊ शकतो. बॅटरी भरलेली असेल तोवर तेवढा प्रवाह जात नाही, पण रिकामी झाल्यावर धक्का मारून गाडी सुरू केली आणि लगेच हायवेला काढली, की तिचे हाल होतात. त्यापेक्षा सहा व्होल्ट १२ एएच, १५१ × ५० × ९४ च्या आसपासची, डब्यात बसते का बघा. तिची मर्यादा ३.६ अँपिअर आहे. ती बसत नसेल तर ४.५ च्या दोन, एकाच कंपनीच्या आणि एकाच तारखेच्या, समांतर जोडा: प्लसला प्लस, मायनसला मायनस. या बॅटऱ्यांची टर्मिनलं पातळ पत्र्याची, ४.८ किंवा ६.३ मिलिमीटर रुंद असतात. त्याच मापाचे स्प्रिंगचे लग लावा आणि वायरला थोडी ढील ठेवा, नाही तर कंपनाने पत्रा मुळाशी तुटतो. बॅटरीच्या चारही बाजूंना सायकलच्या ट्यूबचं रबर किंवा फोम ठासून भरा.

गाडी जुनीच दिसावी म्हणून काही जण मूळ काळ्या बॅटरीचं कवच कापून आत छोटी सीलबंद बॅटरी लपवतात. दिसतं सुंदर. पण जुन्या बॅटरीत शिशाचा चुरा आणि ॲसिड असतं, ते घरी कापू नका. रिकामी कवचं मिळतात, ती घ्या.

लिथियम बॅटरीची जाहिरात मोहात पाडते: वजन पाव, आकार निम्मा. चार सेलची लिथियम फॉस्फेट बॅटरी १४.४ ला भरते आणि १४.६ च्या पुढे तिला चालत नाही. आतलं संरक्षक सर्किट तेव्हा बॅटरी तोडून टाकतं. तुटली की डायनॅमोचं बेलगाम व्होल्टेज सरळ बल्ब आणि कॉइलवर येतं. मेकॅनिकल रेग्युलेटरच्या गाडीला लिथियम लावू नये, हे आमचं स्पष्ट मत. नव्या जनरेटर-रेग्युलेटरचा संच बसवलेल्या गाडीची गोष्ट निराळी. तिथेही लिथियमवर छापलेला एएच खरा आहे की ‘लेड-ॲसिडच्या तोडीचा’, हे विचारा. दुसऱ्या प्रकारात खरी साठवण छापलेल्या आकड्याहून खूप कमी असते.

दुकानात

कागदावर पाच गोष्टी लिहून न्या: डब्याची आतली लांबी, रुंदी, उंची, प्लस कोणत्या हाताला, आणि वाफेची नळी कोणत्या बाजूने बाहेर पडते. उंची मोजताना टर्मिनलच्या वर सीटचा पत्रा किती अंतरावर येतो ते बघा. माणूस बसल्यावर सीट खाली दबते आणि पत्रा दोन्ही टर्मिनलना टेकला तर खालून धूर येतो. १० मिलिमीटर मोकळी जागा आणि वर रबराचा तुकडा हवाच.

कोड वाचता आले तर काम सोपं होतं. १२एन५-३बी मध्ये १२ म्हणजे व्होल्ट, ५ म्हणजे एएच, आणि शेवटचं ३बी टर्मिनलांची मांडणी व नळीची जागा सांगतं. म्हणून ३बी ऐवजी ४ए घेतली तर एएच तोच असूनही वायर पोचत नाही. ६एन४-२ए ही सहा व्होल्ट, ४ एएच, सुमारे ७० × ७० × ९६ मिलिमीटरची. वायटीएक्सने सुरू होणाऱ्या बॅटऱ्या एजीएम असतात आणि त्यांच्या नावातला आकडा एएच नसतो: वायटीएक्स५एल चार एएचची आहे, वायटीएक्स१४ बाराची.

तारीख बघा. ॲसिड न भरलेली ड्राय चार्ज बॅटरी सील शाबूत असेल तर वर्ष-दोन वर्षांची असली तरी हरकत नाही. कारखान्यातून भरून आलेली सीलबंद बॅटरी सहा महिन्यांहून जुनी नको, आणि दुकानातच मीटर लावून १२.४ किंवा ६.२ च्या खाली दिसली तर परत करा. जुनी बॅटरी सोबत घेऊन जा, तिचे पैसे वजा होतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती नेहमीच्या कचऱ्यात टाकायची नसते, विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्यायची.

भरणं, चार्ज करणं, बसवणं

सगळ्यात जास्त बॅटऱ्या इथे बिघडतात. दुकानदार ॲसिड ओततो, ‘गाडीवर चार्ज होईल’ म्हणतो आणि आपण लावून निघतो. नुसतं ॲसिड भरलेली बॅटरी पूर्ण चार्ज झालेली नसते, आणि डायनॅमोवर ती पुढेही पूर्ण भरत नाही. पहिला चार्ज बाहेरच करा.

आधी वाफेच्या तोटीवरची बंद टोपी काढा. ती विसरली की वायू आत कोंडतो आणि कवच फुगतं. हातमोजे आणि चष्मा घालून, बॅटरीवर लिहिलेल्या घनतेचं ॲसिड वरच्या रेघेपर्यंत भरा. अर्धा तास थांबा, प्लेटा ॲसिड पितात आणि पातळी उतरते. तेवढं पुन्हा ॲसिडनेच भरा. मग एएचच्या एक दशांश प्रवाहाने चार्ज करा: ५ एएचला अर्धा अँपिअर, १२ एएचला १.२. चार-पाच तासांनी मोजायला सुरुवात करा. व्होल्टेज आणि घनता तासाभराच्या अंतराने दोनदा तीच आली की झालं. बूच सैल, खोली हवेशीर, जवळ विडी-सिगारेट नको, कारण निघणारा वायू हायड्रोजन असतो. बॅटरीवाल्याकडे ठेवणार असाल तर त्याला प्रवाहाचा आकडा लिहून द्या. ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांच्या रांगेत आपलीही लावून दिली तर पाच-सहा अँपिअरने तिच्या प्लेटा वाकतात. आणि बारा व्होल्टचा चार्जर सहाच्या बॅटरीला कधीही नको.

यानंतर पुढे कधीही ॲसिड घालायचं नाही, फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं पाणी चालत नाही, एसीच्या नळीतून गळणारं तर मुळीच नाही. त्यात धूळ आणि तांब्याचा अंश येतो.

बसवताना अर्थची वायर सगळ्यात शेवटी, आणि काढताना सगळ्यात आधी. मग पाना चासीला लागला तरी ठिणगी उडत नाही. अर्थचा बोल्ट चासीला जिथे येतो तिथला रंग खरवडून उघडं लोखंड काढा, लग आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. कोकणातल्या हवेत हे दर पावसाळ्याआधी करावं लागतं. दुसऱ्या वायरवर बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज घाला, मूळ गाडीत नसला तरी. वाफेची नळी चेन, सायलेन्सर आणि चासीचे पाइप चुकवून खाली सोडा. ती कुठे पिळली गेली नाही ना, हे पट्टा आवळल्यावर पुन्हा बघा.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळ्या सेलचं पाणी बघा. एकाच सेलचं उतरलं असेल तर तो सेल खराब निघाला आहे, वॉरंटी कार्ड काढा. सगळ्यांचं सारखंच आणि भरभर उतरत असेल तर बॅटरी ठीक आहे, रेग्युलेटर जास्त व्होल्टेज देतो आहे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर अर्थ सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. किक मारून पाच मिनिटं इंजिन आयडलवर ठेवल्याने बॅटरी भरत नाही, आयडलिंगला डायनॅमो जेमतेम स्पार्कपुरतं देतो.